उणे १५९५ सेकंदांची कॅसेट

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या एका गायनवर्गाकडे जुन्या मैफलींच्या सी-९० (दर बाजूला ४५ मिनिटांच्या) कॅसेटचा साठा आहे आणि त्यांच्या एएसी या दाबलेल्या ध्वनिप्रकाराच्या फायली करून झाल्या आहेत. एफएफएमपेग या ध्वनी-चित्राच्या मुक्त लायब्ररीच्या आधाराने आपण सी भाषेत एक छोटी लायब्ररी लिहिली आहे. ती फाइल डिकोड करते (दाबलेल्या फाइलमधून ध्वनीचे नमुने काढते), आवाजाची पातळी मोजते आणि तानपुऱ्याचा षड्ज शोधते. आता ती पायथनमधून चालवायची आहे, म्हणजे वर्गातल्या ज्यांना सी येत नाही त्यांनाही आपापल्या स्क्रिप्ट लिहिता येतील. सीटाइप्स या पायथनच्या मॉड्यूलने केलेले बाइंडिंग, म्हणजे सी लायब्ररीला पायथनशी जोडणारा दुवा, पाच-दहा मिनिटांच्या फायलींवर ठीक चालते. पण कॅसेटची पूर्ण बाजू दिली की लांबी उणे १५९५ सेकंद दिसते, यादीत जपून ठेवलेल्या तुकड्यांत भलतेच गाणे ऐकू येते आणि मधूनच सगळे कोसळते. तेच सायथनमध्ये, म्हणजे पायथनसारखे लिहून सीमध्ये कंपाइल होणाऱ्या भाषेत, लिहून पाहिले, तर ‘थांबवा’ म्हटल्यावर प्रोग्रॅम कायमचा अडकतो. म्हणून आपण विचारता की स्विग, सीएफएफआय आणि पायबाइंड११ या बाइंडिंग बनवणाऱ्या साधनांपैकी काय घ्यावे.

ग्वाल्हेरात बसून मी बरीच वर्षे हेच काम केले आहे, कधी पायथनसाठी, कधी लुआ आणि रुबी या भाषांसाठी, आणि माझा अनुभव असा की आपल्या चार तक्रारींपैकी फक्त पहिली साधन बदलल्याने जाईल. बाकीच्या तीन नव्या साधनातही आपल्यामागे येतील, कारण त्या लायब्ररी आणि पायथन यांच्यात मेमरीची आणि कुलपाची मालकी कोणाकडे आणि कधीपर्यंत, हे कुठेही ठरलेले नसल्यामुळे उद्भवलेल्या आहेत. तेव्हा साधनाचा निर्णय मी मुद्दाम मागे ठेवतो आणि तक्रारींपासून सुरुवात करतो.

उणे १५९५ हा आकडा वाचून मला हसू आले, कारण त्यावरून आपण ती फाइल बरोबर ४५ मिनिटांवर कापली आहे हेही कळते. एफएफएमपेग फाइलची लांबी मायक्रोसेकंदांत आणि ६४ बिटांच्या पूर्णांकात देते. ४५ मिनिटे म्हणजे २,७०,००,००,००० मायक्रोसेकंद. सीटाइप्सला फंक्शनच्या परतीच्या मूल्याचा प्रकार सांगितला नाही, तर ते मूल्य साधा ‘इंट’, म्हणजे ३२ बिटांचे आहे असे ते गृहीत धरते. त्या इंटची धाव २,१४,७४,८३,६४७ पर्यंत, म्हणजे ३५ मिनिटे ४७ सेकंद आणि वर थोडे. त्यापुढे आकडा उलटतो आणि २,७०,००,००,००० मधून ४,२९,४९,६७,२९६ वजा झाले की उणे १५९४.९७ सेकंद उरतात. छोट्या फायली चालतात त्या एवढ्याचसाठी. उपाय म्हणजे प्रत्येक फंक्शनला परतीचा प्रकार आणि प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार स्पष्ट लिहून देणे. एकही वगळू नये. फाइलचे हँडल, म्हणजे उघडलेल्या फाइलचा मेमरीतला पत्ता (पॉइंटर), परत देणाऱ्या फंक्शनला आपण प्रकार दिलेला असणारच, नाहीतर ६४ बिटांचा पॉइंटर अर्धा कापला जाऊन पाच मिनिटांची फाइलसुद्धा उघडली नसती. पण पुढे-मागे सरकण्याचे फंक्शन तपासून पाहा. त्याला वेळ मायक्रोसेकंदांत जात असेल आणि आर्ग्युमेंटचा प्रकार लिहिलेला नसेल, तर पस्तीस मिनिटांच्या पुढे ते कुठे नेऊन सोडेल याचा भरवसा नाही.

आता खरा प्रश्न, म्हणजे जपून ठेवलेल्या तुकड्यांत भलते गाणे का येते. येथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण मल्टिमीडिया लायब्ररीचे बाइंडिंग आणि इतर कुठल्याही लायब्ररीचे बाइंडिंग यांत फरक पडतो तो येथेच.

एफएफएमपेगमध्ये ३.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, डिकोडरला एका फंक्शनने पॅकेट (दाबलेला तुकडा) पाठवायचे आणि दुसऱ्याने फ्रेम (उलगडलेला तुकडा) घ्यायची अशी पद्धत आहे. फ्रेम घेणारे फंक्शन आपण दिलेल्या फ्रेममध्ये आधी जे काही होते त्याचा हक्क सर्वप्रथम सोडून देते, आणि मगच नवे भरते. सुटलेला बफर, म्हणजे नमुने ठेवलेली मेमरी, बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जात नाही; तो डिकोडरच्या साठ्यात जातो आणि थोड्या वेळाने पुढच्या फ्रेमसाठी पुन्हा वापरला जातो. आपली लायब्ररी पायथनला देते तो या बफरच्या आतला नुसता पत्ता. पायथनच्या यादीत असे पन्नास पत्ते जमा झाले, तरी त्यांच्या मागे प्रत्यक्षात चार-सहाच बफर फिरत असतात. म्हणून आलापाचा म्हणून ठेवलेला तुकडा वाजवला की त्यातून पुढची तान ऐकू येते. कोसळणे परवडले, कारण ते दिसते तरी. हा दोष महिनोन्महिने लपून राहू शकतो आणि षड्ज शोधणारे आपले फंक्शन तोपर्यंत इमानेइतबारे चुकीचे आकडे देत राहते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सरळ प्रत करणे. दुसरा म्हणजे त्याच बफरवर आणखी एक हक्क नोंदवणे. एफएफएमपेगचे बफर रेफरन्स, म्हणजे आपल्यावर किती जणांचा हक्क आहे ते, मोजणारे आहेत, त्यामुळे नव्या फ्रेममध्ये जुन्या फ्रेमचा रेफरन्स घेऊन ती फ्रेम पायथनच्या एका ऑब्जेक्टच्या पोटात ठेवता येते आणि तो ऑब्जेक्ट जिवंत आहे तोवर बफर हलत नाही. पायथनचा बफर प्रोटोकॉल, जो पीईपी ३११८ या पायथनच्या प्रस्तावात मांडला आहे, तो नेमका याच कामासाठी आहे. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचा ॲरे त्या मेमरीवर नजर टाकतो आणि मूळ ऑब्जेक्टला धरून ठेवतो, म्हणजे ॲरे असेपर्यंत मालक मरत नाही.

कोणता मार्ग घ्यावा हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि आपल्या परिस्थितीत मी डोळे मिटून प्रत करीन. हिशेब सोपा आहे. ४४,१०० हर्ट्‌झ, दोन चॅनल, प्रत्येक नमुन्याला चार बाइट, म्हणजे एका सेकंदाच्या गाण्याला ३,५२,८०० बाइट लागतात. आजच्या कोणत्याही संगणकाला एवढी प्रत करणे जाणवतही नाही. पूर्ण बाजू एकदम मेमरीत घेतली, तर मात्र ती सुमारे ९५ कोटी बाइट होते, तेव्हा तुकड्या-तुकड्यांनीच पुढे जावे. व्हिडिओ असता तर मी वेगळे सांगितले असते: १९२० गुणिले १०८० आकाराची एक फ्रेम नेहमीच्या ४२०पी रचनेत ३१,१०,४०० बाइटांची असते, सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने हे ७.७ कोटी बाइटांच्या वर जाते, आणि तेथे विनाकारण केलेली दुसरी-तिसरी प्रत महागात पडते.

व्हिडिओचा विषय निघाला म्हणून माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी लग्नाच्या चित्रफितींतून दृश्ये वेगळी करणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकासाठी मी लुआचे बाइंडिंग लिहिले होते. प्रत्येक फ्रेम म्हणजे लुआच्या दृष्टीने काही बाइटांचा एक ऑब्जेक्ट, आणि त्याच्या आत तीस लाख बाइटांचा बफर. नको असलेली मेमरी गोळा करणाऱ्या लुआच्या गार्बेज कलेक्टरला फक्त ते काही बाइट दिसत होते, त्यामुळे कचरा साचला आहे असे त्याला वाटेचना. मिनिटभराची चित्रफीत म्हणजे साडेचार अब्ज बाइटांहून अधिक. मशीनमधली मेमरी त्याआधीच संपली. मी दोन दिवस गळती शोधत बसलो, आणि गळती तर नव्हतीच. तेव्हापासून माझा नियम असा की ज्या ऑब्जेक्टच्या पोटात मोठी मेमरी, उघडी फाइल किंवा साउंडकार्ड आहे, त्याला स्पष्ट ‘क्लोज’ असलेच पाहिजे आणि पायथनमध्ये ते काम संपताच आपोआप बंद करणाऱ्या ‘विथ’ या रचनेत बसले पाहिजे. पायथन रेफरन्स मोजून लगेच मोकळे करते हे खरे, पण ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले किंवा एखादा अपवाद (एक्सेप्शन) पकडून कुठे जपून ठेवला गेला, तर तेथेही हीच गत होते.

क्लोज आले की त्यासोबत एक उपप्रश्न येतो. आपल्या लायब्ररीत फाइल उघडल्यावर तिच्यातला ऑडिओ स्ट्रीम मिळतो, आणि त्या स्ट्रीमचा पॉइंटर फाइलच्या स्ट्रक्चरच्या आतला असतो. एखाद्याने स्क्रिप्टमध्ये फाइल एका फंक्शनात उघडली आणि बाहेर फक्त स्ट्रीम परत दिला, तर फाइलचा ऑब्जेक्ट मरतो आणि स्ट्रीम हवेत लोंबकळतो. म्हणून पोराने बापाचा रेफरन्स धरलाच पाहिजे, आणि बाप कोणी हाताने बंद केला असेल, तर पोराच्या प्रत्येक मेथडने आधी तपासून नीट अपवाद द्यायला हवा. सी न येणाऱ्या माणसाच्या स्क्रिप्टमधून सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅम कोसळणे, कधीही येता कामा नये, ही बाइंडिंग लिहिणाऱ्याची जबाबदारी मी मानतो. चूक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची असली तरीही.

‘मधूनच कोसळते’ या तक्रारीचे एक कारण वरच्या विवेचनात आले. दुसरे मला आपल्या कोडमधल्या एका ओळीत दिसते. प्रगती कळवणारा कॉलबॅक, म्हणजे सीने उलट हाक मारावी असे पायथनचे फंक्शन, आपण नोंदणीच्या फंक्शनला देतानाच, तेथल्या तेथे तयार केला आहे. त्या ओळीनंतर पायथनच्या बाजूला त्याला कोणी धरत नाही, तो लगेच नष्ट होतो, आणि सी मात्र त्या जुन्या पत्त्यावर हाक मारत राहते. छोट्या फाइलमध्ये हाक एक-दोनदाच जाते म्हणून निभावते. कॉलबॅकचा ऑब्जेक्ट कुठल्यातरी टिकाऊ जागी, शक्यतो फाइलच्याच पायथन ऑब्जेक्टमध्ये, ठेवा. आणखी एक सूचना: सीटाइप्सच्या कॉलबॅकमध्ये पायथनचा अपवाद उठला, तर तो फक्त छापला जातो आणि काम पुढे चालू राहते. म्हणून कॉलबॅकच्या आत सर्व काही पकडा, अपवाद बाजूला ठेवा, सीला ‘थांब’ असा आकडा परत द्या, आणि मूळ कॉल परत आल्यावर तो अपवाद पुन्हा उठवा. लुआ आणि रुबीत हेच अधिक धोक्याचे असते, कारण तेथे चूक उठली की नियंत्रण लाँगजंपने थेट वरच्या पायरीवर उडी घेते आणि मधल्या सी फंक्शनांतली मेमरी मोकळी करणाऱ्या ओळी चालतच नाहीत.

आता सायथनमधले अडकणे. सीटाइप्स सी फंक्शनला हाक मारताना पायथनचा जागतिक कुलूपवजा हक्क, जो एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅमच्या समांतर धाग्याला) पायथन चालवू देतो आणि ज्याला सगळे गिल म्हणतात, स्वतःहून सोडते. सायथन तसे करत नाही. त्याला सांगावे लागते. आपले ‘थांबवा’ फंक्शन गिल हातात ठेवूनच सीमध्ये जाते आणि डिकोड करणारा थ्रेड संपण्याची वाट पाहते. तो थ्रेड त्या क्षणी प्रगतीचा कॉलबॅक द्यायला निघालेला असतो आणि त्यासाठी त्याला गिल हवा असतो. दोघेही एकमेकांसाठी दारात उभे. जे फंक्शन थांबू शकते, झोपू शकते किंवा कुलूप घेऊ शकते, ते गिल सोडूनच चालवावे, एवढे पाळले की हे मिटेल. त्यासोबत लायब्ररीनेही एक पाळावे: स्वतःचे म्युटेक्स (कुलूप) धरून कॉलबॅकला कधी हाक मारू नये. कॉलबॅकमधूनच कोणी ‘थांबवा’ म्हटले, तर थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसेल. तेथे फक्त खूण करून परतावे.

आपण पुढे मागे थेट वाजवण्याची सोयही करणार आहात असे ओझरते लिहिले आहे. त्याबद्दल एकच, पण ठाम सांगतो: साउंडकार्डच्या कॉलबॅकमध्ये पायथन चालवू नका. ४८,००० हर्ट्‌झला २५६ नमुन्यांचा बफर ५.३३ मिलिसेकंदांत रिकामा होतो, आणि पायथनमध्ये एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे गिल जाण्याचा मूळ ठरलेला अवधीच ५ मिलिसेकंद आहे. सीमध्ये एक रिंग बफर (गोलाकार फिरता साठा) ठेवा. पायथनने तो आपल्या सवडीने भरावा आणि साउंडकार्डच्या थ्रेडने फक्त त्यातून उचलावे.

येथपर्यंत जे आले त्यातून आपल्या लायब्ररीचा चेहरा कसा असावा हे ठरते, आणि साधन त्यानंतर ठरते. मूळ सी लायब्ररीच्या सगळ्या फंक्शनांना एकेक करून पायथनमध्ये आणू नका. मधे पंधरा-वीस फंक्शनांचा एक पातळ सी थर लिहा, ज्यात पायथनला एफएफएमपेगचे एकही स्ट्रक्चर दिसणार नाही, फक्त बंद हँडल दिसतील. याचा फायदा असा की एफएफएमपेग बदलले तरी आपला पायथन कोड बदलत नाही. चॅनलच्या मांडणीचे उदाहरण घ्या: ५.१ मध्ये त्यासाठी नवे स्ट्रक्चर आले आणि ७.० मध्ये, २०२४ साली, जुनी फील्ड काढून टाकली गेली. ज्यांनी सीटाइप्समध्ये ती स्ट्रक्चर हाताने उतरवून घेतली होती, त्यांना कंपायलरने काही सांगितले नाही, कारण सीटाइप्स हेडर फाइल (सीमधली घोषणांची फाइल) वाचतच नाही. थराच्या प्रत्येक फंक्शनवर एक ओळीची टीप लिहा: परत आलेली मेमरी कोणाची, आणि ती कधीपर्यंत वैध. जीस्ट्रीमर या मल्टिमीडिया लायब्ररीची मंडळी हेच अधिक शिस्तीने करतात. त्यांच्या सी कोडमधल्या टिप्पण्यांत ‘मालकी पूर्ण सोपवली’ किंवा ‘सोपवली नाही’ अशा ठरलेल्या खुणा असतात, आणि जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन ही यंत्रणा त्या वाचून पायथनसह इतर भाषांची बाइंडिंग चालवते.

हद्द ओलांडण्याचा खर्चही या थरातच आटोक्यात येतो. एका बाजूचे नमुने प्रत्येक चॅनलला ११,९०,७०,००० होतात. एकेका नमुन्यासाठी पायथनमधून सीला हाक मारली आणि एका हाकेला एक मायक्रोसेकंद धरला, तरी दोन चॅनलची मिळून जवळजवळ चार मिनिटे नुसते जाण्या-येण्यातच जातात. एका हाकेत निदान एक फ्रेम, शक्यतो सेकंदभराचा तुकडा द्या. देताना रचना एकच ठेवा. एएसीचा डिकोडर प्रत्येक चॅनलचे नमुने वेगळ्या पट्टीत देतो, इतर काही डिकोडर ते एकाआड एक विणून देतात. हा भेद सीच्या थरातच मिटवावा, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या गळ्यात घालू नये.

साधनाबद्दल माझे मत आता दोन-तीन वाक्यांत सांगता येते. फक्त डिकोड करायचे असते, तर मी म्हटले असते की काहीच लिहू नका, पायएव्ही वापरा. ते सायथनमध्ये लिहिलेले एफएफएमपेगचेच बाइंडिंग आहे आणि ते नसले वापरायचे तरी त्याचा कोड वाचण्यासारखा आहे. आपल्याकडे स्वतःचा षड्जशोधक आहे आणि भाषा पायथन एकच आहे, म्हणून सीएफएफआय घ्या, पण त्याच्या कंपाइल करणाऱ्या पद्धतीने, म्हणजे प्रकार खऱ्या हेडरशी पडताळले जातात. सायथनमध्ये अर्धे काम झालेलेच आहे, तेव्हा तेच पुढे नेले तरी माझी हरकत नाही. पायबाइंड११ सी++ साठी उत्तम आहे. आपली लायब्ररी सीमध्ये आहे. स्विग १९९० च्या दशकापासून आहे आणि एकाच वर्णनातून अनेक भाषांची बाइंडिंग काढायची असतील, तर आजही त्याला तोड नाही. मात्र त्यातून येणारे पायथन हे सीच पायथनचा अंगरखा घालून आल्यासारखे दिसते, आणि वरून हाताने एक थर लिहावाच लागतो.

त्या वरच्या थरात वेळेची काळजी घ्या. एफएफएमपेगमधली वेळ पूर्णांक गुणिले अपूर्णांक अशी असते. पायथनमध्ये ती फ्रॅक्शन म्हणूनच ठेवा आणि दशांशात फक्त छापताना आणा. एएसीची एक फ्रेम १,०२४ नमुन्यांची, म्हणजे ४४,१०० हर्ट्‌झला सुमारे २३ मिलिसेकंदांची असते. विलंबित ख्याल समेवर कापताना एवढी चूक झाली, तर तबल्याच्या धाचा आरंभच उडतो आणि वर्गातल्या कानांना ते तत्काळ कळते. तसेच ‘आणखी पॅकेट द्या’ हा डिकोडरचा निरोप म्हणजे चूक नव्हे, त्याचा अपवाद करू नका. आणि फाइल संपल्यावर डिकोडरला रिकामे पॅकेट पाठवून आत उरलेल्या फ्रेम बाहेर काढा, नाहीतर शेवटचा सूर अर्धवट तुटेल.

तपासणीसाठी पायथनची स्वतःची मेमरी वाटप करणारी यंत्रणा बाजूला ठेवून, म्हणजे पायथनमॅलॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘मॅलॉक’ करून, व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवा. फॉल्टहँडलर हे मॉड्यूल सुरू ठेवा; कोसळताना पायथनची कोणती ओळ चालू होती ते ते छापते. एकच फाइल दहा हजार वेळा उघडून बंद करा आणि मेमरी वाढते का पाहा. मधेच तोडलेली फाइलही द्यायला विसरू नका.

एक राहिले. आपण एफएफएमपेगचे लॉगचे संदेशही पायथनकडे वळवले आहेत. तो लॉगचा कॉलबॅक कोणत्याही थ्रेडमधून, डिकोडरच्या स्वतःच्या थ्रेडमधूनसुद्धा, येऊ शकतो, आणि पायथन बंद होत असतानाही येऊ शकतो; प्रोग्रॅम संपताना जे शेवटचे कोसळणे दिसते, असे आपण तळटिपेत लिहिले आहे, ते बहुधा यामुळेच आहे. संदेश सीमध्येच एका रांगेत साठवा आणि पायथनला हवे तेव्हा ते मागून घेऊ द्या. हे बदल करूनही काही उरले, तर फॉल्टहँडलरने छापलेला मजकूर आणि त्या थराची हेडर फाइल येथे द्या, मी पाहीन.